रविवारची सही

कुमुद उजगरे रविवारी पेनाला हात लावत नसत. आजोबा नगरहून मिशनच्या शाळेत शिकवायला जबलपूरला आले, तेव्हापासून घरात रविवार म्हणजे प्रभूचा दिवस. त्या दिवशी सुईदोरासुद्धा डब्याबाहेर निघायचा नाही. पण शाळेतून निवृत्त झाल्यावर कुमुदताई वॉर्डाच्या पार्षद म्हणून निवडून आल्या, आणि रहिवासाचा दाखला मागायला लोकांना नेमका रविवारच मोकळा सापडतो. ताईंनी तोड काढली. शनिवारीच दहाबारा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायच्या. रविवारी दीर बंडू ओसरीत बसून मजकूर आणि नाव-पत्ता भरून देई. देवही राजी, लोकही राजी. बाई स्वतःच्या हुशारीवर भलत्याच खूश होत्या.

एका शनिवारी रोशनी नावाची बाई आली. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, ती वॉर्डात राहणारीलाच मिळायची. रोशनी वॉर्डातलीच, पण निवड झाली क्षमाची, आणि क्षमा राहते पार ग्वारीघाटाकडे. रोशनीने क्षमाच्या दाखल्याची नक्कल समोर ठेवली.

"दीदी, आपने लिखा है कि इनको दस साल से जानती हैं."

सही ताईंची. अक्षर बंडूचं. क्षमा बंडूची मेव्हणी. आपलेच दात, आपलेच ओठ.

"वहिनी, काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" बंडू म्हणाला. "क्षमा आधी इथंच राहत होती म्हणा. चलो, खतम. सगळा वॉर्ड म्हणते, मिस झूठ नहीं बोलतीं. तुमच्यावर कोण शक करते? अन् कबूल केलं तर पुढच्या साली तिकीट गेलं समजा."

तिकिटाचं ताईंना लागलंच, खोटं कशाला सांगा. पण त्याहून लागलं ते आधीचं वाक्य. आयुष्यभर खरं बोलून कमावलेला विश्वास आता एका खोट्यावर पांघरायचा होता.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. मनात खोट ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. चर्चमध्ये सगळी रांग उठून पुढे गेली, ताई बाकावर बसून राहिल्या. परत येऊन शेजारी बसलेल्या सुमेधाबाईंनी हळूच विचारलं, "गुडघा दुखतोय का?"

"गुडघा बरा आहे," ताई म्हणाल्या.

सोमवारी त्या स्वतः अंगणवाडीच्या कार्यालयात गेल्या आणि लिहून दिलं: मजकूर खोटा आहे, सही माझी आहे, कोऱ्या कागदावर मीच केली होती. बंडूचं नावही लिहिलं, पण आपल्या नावाच्या खाली. विरोधकांनी त्या कागदाचा फोटो मोबाइलवर घरोघर पोचवला. पक्षातून फोन आला की तिकिटाचं विसरा. बंडू आठ दिवस रुसला आणि नवव्या दिवशी चहाला हजर झाला. ताईंना मात्र कित्येक दिवसांनी दुपारची गाढ झोप लागली.

निवड रद्द झाली, नव्या यादीत रोशनीचं नाव आलं. तिला दाखला हवा होता. आठवडाभर चार घरची कामं, म्हणून ती रविवारी आली. ताई नुकत्याच चर्चमधून परतल्या होत्या. त्यांनी पेन उघडलं. रोशनीने कार्यालयातून आणलेल्या नमुन्यावर ठरलेलं वाक्य छापलेलं होतं: मैं इन्हें व्यक्तिगत रूप से जानती हूँ. पेन तिथेच थांबलं. हिला मुलं किती, नवरा काय करतो, ताईंना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"पहले अपना घर दिखाओ," त्या चपला घालत म्हणाल्या.

घर दोनच गल्ल्या मागे होतं. रोशनीने खाटेवर चादर अंथरली, चहा ठेवला, दोन्ही मुलींना समोर उभं केलं.

"मैं पहली बार आई ना इधर?" ताईंनी विचारलं.

"नहीं दीदी, एक बार आई थीं. वोट माँगने."

 ताईंनी मुलींची नावं विचारली, नवऱ्याच्या कामाचं विचारलं, चहा सावकाश संपवला. मग दाखला मांडीवर घेतला आणि रविवार असूनही सही केली.