दालचिनीची न्याहारी

माझे बाबा, बळीराम घरत, वय अडुसष्ट, यांना परवापर्यंत गॅस पेटवता येत नव्हता. चेष्टा नाही करत. लायटर हातात घेऊन टकटक टकटक करत राहायचे आणि बटण फिरवायचंच विसरायचे. बाकी माणूस हुशार. तरुणपणी मिठागरात राबले, पुढे चोवीस वर्षं पनवेलच्या एका शाळेची बस चालवली. कामोठे गावातलं आमचं तीन मजली घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. वीट जरा वाकडी बसली की मिस्त्रीला ती काढायला लावायचे. स्वयंपाकघर मात्र त्यांच्या हद्दीत नव्हतं.

ते आयचं. माझी आय, वेणू, बेचाळीस वर्षं पहाटे पाचला उठून तांदळाच्या भाकऱ्या करत आली. बाबा शेजारी बसणार, तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात. मग माझा भाऊ नीलेश, मग मी, मग कोणी पाहुणा असेल तर तो, आणि सगळ्यांत शेवटी आय. एखादी भाकरी करपली तर ती कुणाच्या ताटात जाणार हे विचारायची गरजच नसायची. लहानपणी मला वाटायचं, आयला करपलेलीच आवडते. मोठेपणी खरं काय ते कळलं तेव्हा बाबांचा असा राग आला की तो मी लग्नानंतर उरणलासुद्धा बरोबर घेऊन गेले.

गेल्या महिन्यात आय मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. नीलेश नोकरीपायी पुण्याला, म्हणून मी रजा टाकून आले. स्वयंपाकाला बाई लावू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "बाई कशाला? मी हाय ना." मी हसले. ते हसले नाहीत.

खरी अडचण वेगळीच निघाली. आयला सकाळी आठला एक गोळी होती, पोटभर खाऊन मगच घ्यायची. आणि आय काही खाईना. आमच्याकडे करणारी बाई शेवटी खाते. आता करणारी मी होते, तर आय मला सोडून जेवायला तयार नाही. "दिपा, तू आदी खा, मंग मी." मी आधी खाल्लं तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्याचं पोर शाळेला उपाशी गेलं का, हे तिला आठवायचं. सगळ्यांचं होईपर्यंत नऊ वाजायचे. मग डाव्या हाताने थंड भाकरीचे दोन तुकडे मोडायची, गोळी घ्यायची आणि तासाभराने मोरीत जाऊन ओकायची. दोन आठवड्यांत तिचं ब्लाउज खांद्यावर ढिलं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून चार दिवस असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. दवाखान्याचं नाव काढलं की आय भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मी रागावले, ओरडले, शपथ घातली. उपयोग शून्य.  बाबा दुपारी चपला घालून सेक्टरमधल्या मोठ्या दुकानात गेले आणि गल्ल्यावरच्या हेतलला त्यांनी विचारलं, "पोरी, घरात कुणाला करायलाच लागत नाय असं काय हाय का? म्हंजे करणारीच कोन नसली की सगली एकदम बसतील." वाक्य न वाक्य मला हेतलनेच नंतर सांगितलं. तिने त्यांना बर्फाच्या पेटीतून एक खोकं काढून दिलं. दालचिनीचे रोल, सहा नग. "काका, ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं. इझी ब्रेकफास्ट." बाबांनी हिरवा ठिपका आहे ना, एवढं बघून घेतलं, आणि 'इझी' हा शब्द तेवढा लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सात वाजता मी अंघोळ करून आले तो घरात धूर. बाबा गॅसपुढे. गॅस पेटला होता, हे पहिलं आश्चर्य. तव्यावर दोन रोल, आणि बाबा भांड्यात हात बुडवून त्यांच्यावर पाणी फिरवत होते. अगदी आय भाकरीवर फिरवते तसं, कडेपासून मधे.

"बाबा, हे काय करताय?"

"पाणी नाय लावलं तर तडकंल," ते म्हणाले. मग उलथन्याने रोल उलटला, तळहाताने दाबून चपटा केला, आणि फुगतो का म्हणून वाकून बघायला लागले. बेचाळीस वर्षं हा माणूस तव्यासमोर बसून नुसता खात होता असं मी समजत होते. त्याने सगळं पाहून ठेवलं होतं. फक्त जगात भाकरीशिवायही काही भाजतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आतली साखर वितळून तव्याला चिकटली होती आणि तिचा कोळसा होत होता.

तेवढ्यात आतून आयचा आवाज, "आज गुरवार हाय! मटन कोन शिजवतंय सकालच्या पारी?" दालचिनीचा वास म्हणजे आमच्या घरी मटणाचा मसाला, दुसरं काही असूच शकत नाही. गुरुवार बाटला म्हणून ती प्लास्टरचा हात छातीशी धरून लगबगीने बाहेर येऊ लागली. "मटन नाय गो, पाव हाय गोड!" बाबा ओरडले. तिचा विश्वास बसला नाही, पण ती दारातल्या खुर्चीत बसली.

मी खोकं वाचलं. ओव्हन आमच्याकडे होता. नीलेशने दोन दिवाळ्यांपूर्वी आणून दिलेला, आणि तेव्हापासून त्यात आयचे पापड राहत होते. पापड बाहेर काढले, बटणं लावली, तो तापल्यावर उरलेले चार रोल आत ठेवले. खोक्यात पांढऱ्या साखरपाकाची एक पुडीही होती. ती बाबांनी आधीच तंबाखूच्या चंचीत टाकली होती, चुना समजून. ती परत घेतली. बाबा काचेतून आत बघत उभे राहिले. मिस्त्री काम करत असताना असेच उभे राहायचे. हळूहळू रोल फुगले. "फुगला!" ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला त्यांच्यावर चिडायचं सुचेना.

पण मला पुढचं दिसत होतं. आता करणारे बाबा. म्हणजे आय म्हणणार, आधी तुमी खा. झालंच तसं. मी बशी तिच्यासमोर ठेवली, वाफा येत होत्या, पावणेआठ झाले होते, आणि तिने बशी सरकवली. "तुमी खाल्लंय कुटं? दिपाने खाल्लंय कुटं?"

बाबांनी तव्यावरचे ते दोन काळे रोल उलथन्याने खरवडून काढले. एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि उभ्या उभ्या खायला लागले. कडू जहर. दाताखाली कोळसा कुरकुरत होता. बाबा शेवटचा तुकडासुद्धा टाकायला तयार नव्हते. मी चावता चावता थांबले. आयच्या घरात लहानाची मोठी झाले, पण करपलेलं मी कधी खाल्लं नव्हतं. कधीच नाही. बाबांवर राग धरून बसले होते, आणि तिच्या आधी मीही रोज जेवत होते.  मी हातातला रोल संपवला.

"आमचं झालं," बाबा म्हणाले. तोंड काळं झालं होतं. "भाडेकऱ्याचा पोरगा बिस्किट खाऊन गेला, मी बगितला. आता घरात कोन उपाशी नाय. तूच हायस."

 आयने आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, घड्याळाकडेही पाहिलं. मग डाव्या हाताने रोलचा मोठा तुकडा तोडला आणि सरळ तोंडात टाकला.

"आई गं!" ती ओरडली, आणि डोळ्यांत पाणी आलं. जीभ भाजली होती.

"अगो, फुंकर मारायची आदी," बाबा पटकन म्हणाले. "गरम असं तोंडात नाय टाकायचं. तुला सवय…"

ते मधेच थांबले.  मग बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांनी दुसरा तुकडा तोडला, त्याच्यावर दोनतीनदा फुंकर मारली आणि तिच्या तोंडासमोर धरला.

आयने तो खाल्ला. आठ वाजता मी गोळी दिली.