खांबाचं माप

"तू त्या खांबाचं माप घे."

शिवणाच्या वर्गातला माझा पहिला आठवडा. बाईंनी मुलींच्या जोड्या लावल्या होत्या. एकीने हात वर करून उभं राहायचं, दुसरीने टेप लावायची. माझ्यासमोरच्या मुलीने हात वर केले आणि विचारलं, "तू कुठली गं?" मी सांगितलं, कामणच्या पलीकडची, बौद्धवाड्यातली. तिचे हात खाली आले. ती बाईंकडे गेली, कानात काहीतरी बोलली. बाई माझ्यावर ओरडल्यासुद्धा नाहीत. हनुवटीने दाखवलं. पडवीत छपराला टेकू दिलेला सागाचा खांब होता.

"माप ते माप. खांबाचं काय आणि माणसाचं काय!" बाई म्हणाल्या.

मुली फिदीफिदी हसल्या. मी खांबाला टेप गुंडाळली. छाती. कंबर. दोन्हींचा आकडा एकच. खांबाला मुंढा नसतो, बाही जोडायची ती जागाच नसते. तिथे काय लिहायचं ते मला कळेना. रिकामं सोडलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली.

अख्खं वर्ष मी खांब मोजला.

आणि हेच हात बाईंना चालायचे. वसईतल्या चांगल्या घरच्या बायकांचे ब्लाऊज बाई बाहेरून शिवायला घेत आणि काज-हुक वर्गातल्या मुलींकडून फुकटात करून घेत. माझी काजं बारीक, म्हणून सगळ्यात जास्त ब्लाऊज माझ्या मांडीवर. मी केलेलं काज त्या बायकांच्या छातीवर चालत होतं. माझी टेप चालत नव्हती. कष्ट सोवळे, हात ओवळे. थू!

माप घ्यायला मी घरी शिकले. आई भाताच्या खाचरातून यायची, चिखलाचे पाय धुवायची आणि तशीच हात वर करून उभी राहायची. "घे माजं. मानसाचं माप मानसाच्याच आंगावर कलतं. खांब काय दम घेतो?"

वर्ग संपल्यावर मी वालीवला एका शेडमध्ये शर्टांच्या कॉलरी शिवू लागले. तिथे तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. पण मला शिकवायचं होतं. शिवणशिक्षिकेचं सरकारमान्य प्रमाणपत्र हातात आलं की मला कुणी पडवीत उभं करणार नाही, असं वाटायचं. आणीबाणी उठली त्या सुमारास मी परीक्षेला बसले. लेखी झाली. शिवून दाखवायचं तेही झालं. उरला पाठ, म्हणजे परीक्षकांसमोर वर्गाला शिकवून दाखवायचं. मला विषय आला, ब्लाऊजचं माप. खुर्च्यांवर दोन परीक्षक. एक मुंबईहून आलेले गृहस्थ. दुसऱ्या आमच्याच बाई.

मी एका मुलीला पुढे बोलावलं. बाई लगेच म्हणाल्या, "मुलगी कशाला? पुतळा आहे ना. हिला तो पुतळा द्या."

गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "घ्या, घ्या. त्यात काय एवढं?"

कुणीतरी कापूस भरलेला, बिनडोक्याचा पुतळा आणून माझ्यासमोर ठेवला. मुकाट्याने पुतळा मोजला असता तर मी पास होते. आणि मग जन्मभर पुतळेच मोजले असते.

पाठ चालू असेपर्यंत वर्ग शिकवणारीचा, ती कुणालाही उभं करू शकते. हा नियम परीक्षेआधी बाईंनीच आमच्याकडून घोकून घेतला होता. मी पुतळा बाजूला सरकवला.

"बाई, तुम्ही उभ्या राहा."

बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं. ते म्हणाले, "राहा हो उभ्या. उशीर होतोय."

बाई उठल्या. हात वर केले. मी टेप लावली तशा अंगावर पाल पडल्यागत आक्रसल्या. डोळे मिटले, श्वास रोखला. मी मुलींकडे वळून म्हणाले, "बघा. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहिलं तर माप चुकतं. ब्लाऊज तंग होतो. श्वास सोडा, बाई."

त्या सोडेनात. मीही टेप काढेना. शेवटी सोडला. मग छाती, कंबर, मुंढा, सगळं माप मी सावकाश घेतलं.

पास झाले. बाहेर आले तर बाई विहिरीवर हात घासत होत्या, साबण लावून, पार खांद्यापर्यंत. मला वाईट वाटलं नाही. किळस आली. माझ्या फुकटच्या कष्टावर पोसलेल्या त्या हातांची.

आता मी शिकवते, आणि परीक्षक म्हणून केंद्रांवरही जाते. मागच्या परीक्षेला एका केंद्रावरची शिक्षिका गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ती कोपऱ्यातली आहे ना, तिला पुतळाच देऊ का? म्हणजे बाकीच्या मुलींना... तुम्ही समजता ना." माझा वाडा तिला ठाऊक नव्हता.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तिची जातच सांगताय ना? माझीही तीच."

तिचा चेहरा पडला. पुतळा मी स्वतः उचलून पडवीत नेऊन ठेवला. कोपऱ्यातल्या मुलीला मधोमध उभं केलं. बाकीच्यांना सांगितलं, एकेकीने हिचं माप घ्यायचं, मग हिने तुमचं. जिचा हात मागे येईल ती नापास.

एकीचा आला. चांगल्या घरची मुलगी, शिलाईही सुरेख. शिक्षिका हात जोडून म्हणाली, "मॅडम, वर्ष जाईल हो तिचं."

जाऊ दे. माझं खांबाशी गेलं होतं. तिला मी नापास केलं. पुढच्या वर्षी ती येईल. पुन्हा हात मागे घेतला तर पुन्हा नापास करीन.