पंढरीकाकांची वीस मिनिटं

खडवलीचे पंढरी गायकर कल्याणच्या एका चित्रकला महाविद्यालयात अठरा वर्षं बसत होते. बसणं हेच त्यांचं काम. लाकडी चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीत काका, आणि समोर अर्धवर्तुळात मुलं त्यांचा चेहरा, गळा, खांदे रेखाटताहेत. त्याआधी ते कॉलेजच्या फाटकासमोर केळी विकायचे. गिऱ्हाईक नसलं की टोपलीमागे तासन्‌तास न हलता बसणारा हा माणूस एका शिक्षकांच्या नजरेत भरला, आणि त्यांनी त्याला वर वर्गात नेलं.

मग करोना आला. मुलं घरून शिकू लागली. काकांचा एक जुना फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला आणि मुलं दोन वर्षं त्यावरूनच शिकली. त्यातले सोळा दिवस काका स्वतः दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. बरे होऊन घरी आले, पण खोकला काही गेला नाही.

बावीस साली कॉलेज उघडलं. अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरून, अशी पद्धत ठरली. वर्ग घेणाऱ्या प्रीती मॅडमचा पुन्हा बसायला येण्याचा निरोप आला तेव्हा काकांची बायको शीला म्हणाली, "दोन वर्षं फोटोवर भागलंच ना त्यांचं? आणि फोटोला खोकला येत नाही."

"तूच जा मग फोटो घेऊन," काका म्हणाले. पण बोलणं लागलं होतं.

वर्गात तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला होता. शेजारच्या पडद्यावर अकरा चौकटींत अकरा चेहरे. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, वीस मिनिटं बसून बघू. नाही जमलं तर ताण घेऊ नका, फोटो आहेच."

म्हणजे आज जमलं नाही तर यापुढे फोटोच, हे काकांना न सांगता कळलं.

त्यांनी खिडकीच्या बिजागरीवर नजर लावली आणि ते बसले. थोड्या वेळाने कागदांवर पेन्सिली चालू लागल्याचा आवाज आला. चौदा पेन्सिलींची ती बारीक खसखस त्यांनी दोन वर्षांत ऐकली नव्हती. अंगावर काटा आला. पण काट्याने चित्र बिघडत नाही.

आठव्या मिनिटाला घशात खवखव सुरू झाली. दवाखान्यातल्या नर्सने पालथं झोपवून शिकवलं होतं, श्वास पोटात घ्यायचा, सावकाश सोडायचा. काकांनी तसंच केलं. खवखव वर आली, थांबली, खाली गेली. पुन्हा वर आली.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. "मॅम, व्हिडिओ अडकलाय."

"माझा पण. फ्रीज झालाय."

"माझं नेट तर फुल आहे!"

डोंबिवलीहून अद्वय म्हणाला, "मॅम, तुम्ही चुकून फोटोच लावलाय का?"

वर्गातली मुलं खो खो हसली. काकांच्याही पोटात हसू उसळलं. आता हसलो की खोकलो, आणि खोकलो की संपलं. त्यांनी बिजागरी सोडली नाही.

मॅडम कॅमेऱ्यासमोर गेल्या आणि हात हलवला. "मी दिसतेय?"

"हो मॅम."

"हात हलताना दिसतोय?"

"हो."

"मग नेट चालू आहे."

पडद्यावरच्या मुलांनी प्रवेश घेतला तोच कॉलेज बंद असताना. समोर बसलेला माणूस त्यांनी कधी रेखाटलाच नव्हता. त्यातल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे काका... आत्ता तिथे बसलेत?"

"आईशप्पथ!" अद्वय पुटपुटला.

पडद्यावरची अकरा डोकी एकेक करून कागदावर वाकली. मॅडमही घड्याळ हातात धरून काकांकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं हा माणूस बसतो हे त्यांना ठाऊक होतं; बसणं एवढं मोठं असतं हे त्या आज पाहत होत्या.

वीस मिनिटं झाली. "काका, उठू नका हं," म्हणत मॅडम खडू घेऊन आल्या आणि खाली गुडघ्यांवर बसल्या. तीच बैठक पुढच्या वेळी चालू ठेवायची असेल, तर माणसाच्या पावलांभोवती खडूने रेघ आखून ठेवतात.

"अहो मॅडम, पायाशी कुठे बसता! पोरं आखतील," काका ओठ न हलवता म्हणाले.

"चार आठवडे चालणार आहे हे चित्र. मीच आखते."

उजवं पाऊल झालं. मग डावं. घसा पेटला होता, तरी रेघेची दोन्ही टोकं जुळेपर्यंत काकांनी पाय हलवला नाही. मग मात्र ते मनसोक्त खोकले.