स्वच्छ डबी

चिंचवडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात तेव्हा एकच जुना मायक्रोस्कोप होता. एक्स-रे काढायला पेशंटला पुण्याला धाडावं लागे आणि तिकडे धाडलेला पेशंट बहुधा परत येतच नसे. त्यामुळे क्षयाचं निदान सगळं बेडक्यावर. त्यात जंतू दिसल्याशिवाय वरून इंजेक्शनं मिळत नसत.

चऱ्होलीची एक बाई दोन महिने खोकत होती. अंगावर मांस राहिलं नव्हतं, रोज संध्याकाळी ताप. मी तिला डबी दिली आणि बजावलं, सकाळी उठल्या उठल्या छातीतून खाकरून बेडका आणा. तिने आणली नुसती लाळ, पाण्यासारखी स्वच्छ. परत पाठवलं, परत लाळ. तिसऱ्या खेपेलाही तेच. माझं डोकंच फिरलं. लाळेत काय डोंबल दिसणार?

"अहो मावशी, किती वेळा सांगायचं? मला छातीतली घाण पाहिजे, घाण!"

ती मान खाली घालून म्हणाली, "घान लई पडती, डाक्टर. पर ती घरीच टाकते, चूळ भरते आन् मग डबीत थुकते. पयल्या दिशी मी हितं पायरीवर थुकले, तवा तुमीच वरडला व्हता. दवाखान्यात घान करायची न्हाई म्हनून."

ओरडलो होतो खरा. मला हवा होता तो बेडका पहिल्याच दिवशी आमच्या पायरीवर पडला होता, आणि मी शिपायाला हाक मारून त्याच्यावर फिनेल ओतायला लावलं होतं.