आबांच्या खोलीतल्या दोन वायरी

ब्राह्मणपुरीच्या आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हा विहीर आणि वडील एवढ्या दोनच गोष्टी सामाईक राहिल्या.

विहिरीचं पाणी पाळीनं मिळतं. वडिलांची, म्हणजे आबांची, सेवा मात्र दोघा भावांनी रोज करायची, असं पंचांनी ठरवलं. म्हणून आबांच्या टीव्हीला कीर्तनासाठी नेटसुद्धा दोन्ही घरांतून! दादाच्या वायफायच्या डब्यातून एक वायर, माझ्या डब्यातून दुसरी. आबांच्या खोलीत त्या एकत्र जोडल्या मीच. (मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. हसा!)

घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवरचा पत्ता वाटायचा, हे डब्याचं काम. वायरी एक झाल्या आणि दोन्ही डबे सगळ्या घराला पत्ते वाटत सुटले. लॅपटॉपनं एकाचा पत्ता घेतला की दुसरा त्याला हुसकावून लावायचा. हे मला कळलं कधी? दुसऱ्या दिवशी, माझ्या प्रियाची पुण्याच्या कंपनीची मुलाखत लॅपटॉपवर सुरू झाली तेव्हा! कितीतरी अर्ज केल्यावर आलेलं पोरीचं पहिलं बोलावणं, आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडम पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठलेल्या.

"पप्पा, काहीतरी करा ना!" प्रिया रडकुंडीला आली.

उपाय सोपा होता. आबांच्या खोलीतली एक वायर उपटायची. पण कोणाची? आरडाओरडा ऐकून दादाही तिथं आला.

"दादा, तुन्ही वायर काढ!"

"मन्ही काबरं? गाव काय म्हनी? मोठानी बापले सोडी दिधं! तू काढ!"

"मंग धाकलानी सोडं म्हनतीन ना!"

"पोरगीनी नोकरी जाई ऱ्हायनी," माझी बायको ओरडली, "आनि तुम्ही वायर धरी बठनात!"

दादानं माझी कॉलर धरली, मी त्याची वायर. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, नुसता संताप येत होता.

शेवटी आबाच पलंगावरून उठले. हाताला लागली ती वायर उपटली. "मरा आते दोन्हीजन!"

कॉल त्याच क्षणी जुळला. आमच्या शिव्या थेट पुण्यात! मॅडम हळूच म्हणाल्या, "घरापासून लांब राहायला जमेल ना?"

प्रियानं उघड्या दारातून आमच्याकडे बघितलं.

"मॅडम, आजच निघू?"

नोकरी लागली. काही दिवसांनी आबाही नातीकडे राहायला गेले. आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

गावात आता जो तो विचारतो, "मास्तर, दोन-दोन पोरे शेतस, तरी आबा पुन्याले काबरं गयात?"

मी सांगतो, "तठलं नेट चांगलं शे."