खंडेनवमीची तार

सहादूभाऊंच्या वाईटावर मी कधीच नव्हते, हे आधीच सांगते. तरी त्यांचं नाव गेलं ते माझ्यामुळेच.

इंदिरानगरच्या कोपऱ्यावर त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि हवेचा पंप. पेठकडच्या डोंगरातून आलेला हा माणूस बोल्टचे, पायडलचे झिजलेले आटे दुरुस्त करण्यात पटाईत. इतर मिस्त्री आट्यांवर तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेत. सहादूभाऊंना त्याचा भारी संताप. ते पायडल बसतं त्या भोकात करंगळी फिरवून अंदाज घेत, नवे आटे पाडत आणि मग त्या पायडलवर स्वतः उभं राहून दाखवत. त्याशिवाय सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत.

१९९६च्या खंडेनवमीला माझ्या सायकलचं डावं पायडल रस्त्यातच निघालं. मी शाळेत शिकवत असे. त्या दिवशी मुलींचा भोंडला होता आणि मला आधीच उशीर झाला होता. दुकानात पाहते तर सगळी हत्यारं पाटावर, हळदकुंकू लावून, वर झेंडू वाहिलेला.

"आज हत्याराला हात नाय लावायचा, बाई."

"देव काय तुमच्या पान्यात येऊन बसलाय?" मी फटकन बोलले. माझी जीभ तशीच आहे.

ते हसले. बाईमाणूस अडलंय म्हणून, उभ्या जन्मात केलं नाही ते त्यांनी केलं. आट्यांवर तार गुंडाळली आणि सीटमागच्या पिशवीतल्या माझ्याच पान्यानं पायडल आवळलं. "परवा सकाळी या, नवे आटे पाडतो. तोवर याच्यावर उभं नाय राहायचं."

मी गेले नाही. पायडल टिकलं, मी विसरले. खोटं कशाला बोलू, विसरले नव्हते, कंटाळा केला.

दिवाळीत माझा दीर योगेश ती सायकल घेऊन गेला. चढावर पायडलवर उभा राहिला आणि ते निसटलं. हात मोडला. सासूबाईंनी विचारलं, "दुरुस्त कोणी केली होती?" मी म्हटलं, "सहादूभाऊंनी." एवढंच. मामंजी दुकानावर जाऊन चारचौघांत त्यांना वाट्टेल ते बोलले. मी मागेच उभी होते. सहादूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं नाही. कॉलनीतली गिऱ्हाइकं तुटली. वर्षभरात ते पत्रे काढून निघून गेले.

सात वर्षांनी ते त्र्यंबक रस्त्याला एका टपरीत काम करताना दिसले. दुसऱ्या दिवशी मी तीच सायकल घेऊन गेले. पायडलात आता दुसऱ्या कुणा मिस्त्रीनं गुंडाळलेली तार होती.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "मी कॉलनीत सगळ्यांना सांगते."

"आता कोणाला सांगता, बाई? ते सगळे स्कूटरवर फिरतात." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तार उपसत ते म्हणाले, "त्या दसऱ्याला मी गावी गेलो नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही येणार होत्या ना."

त्यांनी नवे आटे पाडले. पायडल बसवलं, हँडल धरून त्यावर सगळा भार टाकून उभे राहिले. मग खाली उतरून सायकल माझ्याकडे केली.

"उभ्या राहून बघा."

माझा पाय उचलेना.