चौदावा धोंडा

माझं काम डोंगराचं आहे, पण मी बसते नवीन पनवेलमध्ये, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. दोन टेबलं, एक कपाट, आणि कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेले कोयते. पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात रोपांच्या पिशव्या असतात आणि खोलीला ओल्या मातीचा वास येतो. डोंगरावर झाडं लावणारी, गवत काढणारी, वणवा अडवणारी जी माणसं आहेत, त्यांना सकाळी गाडी वेळेवर मिळाली का, पाण्याचे कॅन चढले का, बूट सगळ्यांच्या मापाचे आहेत का, विंचू चावला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे बघणं ही माझी नोकरी. ओळखपत्रावर ‘क्षेत्र समन्वयक’ असं लिहिलंय. आई विचुंब्यात शेजारणींना सांगते, “ती जंगलात हापिसर हाय.” मी ते दुरुस्त करत नाही.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. वडिलांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात आयुष्यभर सळया चढवल्या आणि उतरवल्या. त्यांची सही तीन अक्षरांची, आणि ती करताना ते अजून श्वास रोखून धरतात. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. पाहुणे आले की मला अवघडायला होतं असं मी म्हणते खरी, पण ते तिथून काढा असं एकदाही म्हटलेलं नाही. शिकले त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे. मी दिलेल्या हुकमाने एक बाई जळाली असती, ती गोष्ट सांगतानाही तो सोडायची मला गरज वाटत नाही.

थंडी ओसरली की आमचं जाळरेषेचं काम सुरू होतं. डोंगराच्या सोंडेवरून खालच्या रस्त्यापर्यंत एक रुंद पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापून वाळू द्यायचं आणि मग वन विभागाच्या माणसासमोर ते आपणच जाळून टाकायचं. पुढे उन्हाळ्यात कुठून वणवा आलाच, तर या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरत नाही आणि पलीकडची आमची रोपं वाचतात. जाळायची परवानगी ठरावीक दिवसाची मिळते. काम सकाळीच उरकावं लागतं, कारण साडेदहाच्या सुमाराला खाडीकडून वारा सुटतो आणि मग आग कुणाचं ऐकत नाही.

आमच्या या टोळीत मुकादम सोडून चौदा माणसं, बहुतेक बायका. सगळी डोंगराच्या पलीकडच्या वाडीतली, कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. काही महिने वीटभट्टीवर, उरलेले आमच्याकडे. मुकादमाला सगळे मामा म्हणतात. म्हणून मीही मामाच म्हणते. साठीचा, बारीक, एका डोळ्यात फूल पडलेला माणूस. लहानपणी बापाबरोबर जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावायला जायचा. तिथली एक सवय त्याने टोळीला लावली होती. वर जाताना प्रत्येकाने पायथ्याच्या ऐनाच्या झाडाखाली एक धोंडा ठेवायचा, आणि खाली आलं की आपला उचलून नाल्यात फेकायचा. धोंडा उरला म्हणजे माणूस वर आहे.

मी पहिल्याच आठवड्यात ते पाहिलं आणि हसले. हसण्यासारखंच होतं. वाडी पलीकडे असल्याने काम संपलं की एखादी परस्पर मागच्या वाटेने घरी निघून जायची. तिचा धोंडा तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तो उचलून फेकायचा आणि पुन्हा नव्याने मांडामांड. मी म्हटलं, “मामा, ही कसली मोजणी? घरी झोपलेलं माणूस तुमच्या लेखी डोंगरावर.”

“घरी झोपलेलं डोंगरावर धरलं तर चालतंय बाय,” तो म्हणाला. “डोंगरावरचं घरी धरलं तर नाय चालत.”

मला ते बोलणं त्या वेळी निव्वळ चतुराईचं वाटलं. मी माझी पद्धत आणली. चढण्याआधी सगळ्यांचा एक फोटो, खाली उतरल्यावर एक फोटो, दोन्ही मामाने काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचे. मी ऑफिसात डोकी मोजणार आणि खूण करणार. वरच्या साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी दुसऱ्या दोन टोळ्यांनाही ते लागू केलं.

दुसरी पद्धत कोयत्यांची. आधीच्या हंगामात पाच कोयते गेले होते. मी मुठींवर ऑइलपेंटने एक ते चौदा आकडे घातले आणि नियम केला की सगळे कोयते गोणपाटात परत आल्याशिवाय गाडी हलणार नाही. ड्रायव्हर कडक होता. एकदा सात नंबरसाठी सगळी टोळी तासभर उन्हात थांबली होती. त्यानंतर कोयता हरवला नाही.

त्या दिवशी टोळी सहाला वर गेली, शेवटचं उरलंसुरलं गवत ओढून पट्ट्याच्या मध्ये घ्यायला. आठ वाजून वीस मिनिटांनी उतरल्याचा फोटो आला. मी बोट ठेवून डोकी मोजली. चौदा. खूण केली आणि चहा मागवला.

नऊला वनरक्षकाचा फोन आला. चाळिशीचा, शांत माणूस. आवाज मध्येच तुटत होता, पायथ्याशी फोन कसाबसा लागतो.

“मॅडम, मामा पेटवू देत नाहीत.”

“का?”

“एक धोंडा उरलाय म्हणतात.”

“फोटोत चौदा आहेत. मी स्वतः मोजलेत. तुम्ही पेटवा.”

“ते पट्ट्यात बसलेत मॅडम.”

“बसलेत म्हणजे?”

“म्हणजे मांडी घालून. गवतावर. तंबाखू मळतायत.”

मी मामाला फोन द्यायला सांगितलं.

“कोण राहिलंय मामा?”

“माज्या पुतन्याची बायको. अर्ध्या वाटंवरनं मागं फिरली. जावंला म्हनली, तुमी व्हा पुढं, मी आलीच.”

“मग ती पलीकडून वाडीत गेली असेल. नेहमीच जातात.”

“गेली बी असंल.”

“मग?”

“मग वाडीवर मानूस धाडलाय. तो बघून सांगंल. तवर बसतो.”

“मामा, वारा सुटेल. परवानगी आजचीच आहे. फोटो आहे माझ्याकडे, सगळे खाली आलेले!”

त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली असावी.

“फोटू तुज्याकडं ऱ्हाऊ दे बाय. धोंडा माज्याकडं हाय.”

मी वनरक्षकाला म्हटलं, त्यांना हाताला धरून बाजूला करा आणि पेटवा. हे वाक्य मी बोलले. नंतर कुणी मला त्याची आठवण करून दिली नाही, पण बोलले ते मीच.

वनरक्षक म्हणाला, “मॅडम, तुम्ही या.”

स्कूटरवरून जाताना मी मनात एक पत्र लिहीत होते. मुकादमाने कामात अडथळा आणला, सूचना पाळल्या नाहीत, सबब दुसरा मुकादम नेमावा. ‘सबब’ हा शब्द मला फार आवडतो, कॉलेजच्या नोटिसांमध्ये असायचा. ट्रेलरच्या रांगांमधून बाहेर पडून डोंगराच्या रस्त्याला लागेपर्यंत पत्र पूर्ण झालं होतं.

पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. ऐनाच्या सावलीत टोळी बसली होती. झाडाच्या मुळाशी एक धोंडा होता, नारळाएवढा. मामा पट्ट्याच्या तोंडाशी, वाळलेल्या गवतात, माझ्याकडे पाठ करून वर बघत बसला होता. वनरक्षक कागद घेऊन जीपला टेकला होता.

“वाडीवरून काही कळलं?”

“घरी नाय ती,” जाऊ म्हणाली. तिच्या मांडीवर दोघींचे डबे होते.

मी मोबाइल काढला. तो फोटो तिला दाखवावा, बघ ही इथे उभी आहे, असं म्हणावं म्हणून. फोटोत ती होती. डावीकडून तिसरी, पदर डोक्यावरून घेऊन. आणि तिच्या मागे करवंदीची दाट जाळी होती. मी मान वर केली. पायथ्याशी कुठेही करवंदी नव्हती. रस्ता, ऐन, नाला.

“हा फोटो कुठे काढलाय?”

सगळ्यांनी मामाच्या पाठीकडे पाहिलं. शेवटी जाऊच बोलली. “वरती. खिंडीत.”

“उतरल्यावरचा फोटो वर काढला?”

“हितनं जात नाय ना गो तुजा फोटू. नुसता गोल फिरत बसतो. खिंडीत लगेच जातो. पयल्यापासनं तितंच काढतो आमी, मंग उतरतो.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तू इचारलंस कवा? फोटू पाठवा म्हनलीस, आमी पाठवला. तू वर अंगठा दाखवलास.”

अंगठा मी रोज दाखवत होते. संपूर्ण हंगामभर. नंतर ऑफिसात जुने फोटो उघडून पाहिले, तर उतरल्याच्या प्रत्येक फोटोत तीच करवंदी होती. मी वनस्पतीशास्त्राची पदवीधर. डोकी मोजली, झुडूप पाहिलं नाही.

पण ते नंतरचं. तिथे उभी असताना मला एवढंच कळलं की ती बाई कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, आणि वर जायची पायवाट त्या पट्ट्यातूनच जाते. नऊला पेटवलं असतं तर जाळ सोंडेवरून वर पळाला असता. कदाचित ती बाजूच्या कातळावर चढली असती. कदाचित नसती. मी ते पुढे कधी मनात ताणून पाहिलं नाही.

मी मामाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याने वर पाहिलं नाही. “बस,” म्हणाला. मी बसले नाही. माझी पँट चांगली होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी कसं बसावं ते मला कळेना.

साधारण वीस मिनिटांनी पट्ट्याच्या वरच्या वळणावर ती दिसली. कोयता खांद्यावर, पायाने गवत उडवत, अगदी बाजाराला निघाल्यासारखी. मधेच थांबून तिने पायातला काटा काढला. तिची घाई नव्हती, कारण कोयता मिळाला होता आणि कोयता घेतल्याशिवाय गाडी हलत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मामा, पट्ट्यात काय बसलाव?” ती लांबूनच ओरडली. “पेटवायचा नाय काय आज?”

तिकडून जाऊ उठली आणि जी सुरू झाली ती थांबेना. “मर तितंच! मुलुख जाळाय निगालेला आन् ही गुरावानी चरतेय! डबा कोन धरून बसलंय तुजा हितं? सासू हाय तू माजी?”

“गप गो, आले ना. खिंडीच्या खाली कातळावर इसरलेला. तितं नव्हता, मंग वरच्या पान्यापाशी गावला.”

ती माझ्यासमोर आली. घामाने ब्लाउज भिजलेला, चेहरा मात्र मोकळा. कोयत्याची मूठ माझ्याकडे करून धरली. पांढऱ्या रंगातला आकडा वर.

“नऊ नंबर,” ती म्हणाली. “हा घे. मोजून घे आता.”

टोमणा नव्हता त्यात. असता तर मला बरं वाटलं असतं. मी कोयता घेतला आणि गोणपाटात ठेवला. ती ऐनाखाली गेली, उरलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलून नाल्यात टाकला आणि डबा उघडला.

मामा उठला, पँटीला चिकटलेलं कुसळ झटकत राहिला. तेवढ्यात ऐनाची वाळकी पानं सळसळली. वनरक्षकाने बोट ओलं करून वर धरलं आणि कागदांची घडी घातली. त्या दिवशी जाळ लागला नाही.

अहवालात ‘काम न होण्याचे कारण’ असा रकाना असतो. मी त्यात ‘वारा’ लिहिलं. खोटं नव्हतं ते. मामाविरुद्धचं पत्र लिहिलं नाही, पण माझ्या चुकीबद्दलही एक ओळ लिहिली नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

साहेबांना मी इतकंच सांगितलं की पायथ्याशी फोटो जात नाहीत, सबब ते पुराव्याला ठेवू, पेटवण्याचा निर्णय त्यावर नको. मग काय धरायचं, त्यांनी विचारलं. मी धोंड्यांचं सांगितलं. ते हसले. तसंच, जसं मी हसले होते. मी थांबले, त्यांचं हसून झाल्यावर म्हटलं, माझ्या टोळीत हेच चालेल. आणि टोळीला सांगितलं की मागच्या वाटेने घरी जायचं असेल तर खुशाल जा, पण आधी मामाला हाक मारून सांगा, म्हणजे तो तुमचा धोंडा काढेल.

पुढच्या आठवड्यात नवी परवानगी मिळाली. नऊ वाजता पायथ्याला फोन लावला. आठ वीसचा फोटो आलेला होता, करवंदीसकट. त्याला मी अंगठा दाखवला नव्हता.

“मामा, धोंडे किती?”

“एक बी नाय.”

“नीट बघितलंत?”

“झाडाला फेरी मारली बाय. लगीन लागलं आता माजं ऐनाशी.” मागे बायका हसल्या. मग त्यानेच विचारलं, “कोयते नाय मोजायचे आज?”

“मोजायचेत,” मी म्हटलं. “आधी पेटवा. ते नंतर.”